डिस्क दिसत नाही : डहाणू-तलासरीतून

काळ्या पडद्यावर पांढऱ्या अक्षरांत एक ओळ उमटते : ‘रीबूट अँड सिलेक्ट प्रॉपर बूट डिव्हाइस’. काही यंत्रांवर ती ‘नो बूटेबल डिव्हाइस’ अशी येते, जुन्या यंत्रांवर ‘ऑपरेटिंग सिस्टिम नॉट फाउंड’. संगणक चालू झालेला असतो, पंखा फिरत असतो, कीबोर्डवरचा दिवाही लागलेला असतो. फक्त ज्या हार्डडिस्कवर सगळं साठवलेलं आहे ती त्याला सापडलेली नसते. डहाणूच्या दुरुस्तीच्या दुकानांत माणसं हे दुखणं घेऊन येतात तेव्हा ‘डिस्क घेत नाही’ एवढंच सांगतात आणि लगेच विचारतात, ‘डेटा गेला का?’

हा लेख त्या प्रश्नासाठी आहे. डिस्क न दिसणं आणि डेटा जाणं यांत बरंच अंतर असतं, आणि ते अंतर बहुतेक वेळा घाईत, घरच्या घरी, आपल्याच हातांनी मिटवलं जातं. डहाणू-तलासरीसारख्या भागात तर ही घाई फार महाग पडते.

महाग का पडते, ते इथे कोणाच्या डिस्कवर काय असतं हे पाहिलं की समजतं. तलासरीच्या नाक्यावर किंवा कासा, वाणगाव, बोर्डीच्या बाजारात ऑनलाइन फॉर्म भरून देणाऱ्याकडे बहुधा एकच संगणक असतो. जातीच्या दाखल्यांचे स्कॅन, शिष्यवृत्तीचे अर्ज, सातबारे, २००६ च्या वनहक्क कायद्याखाली केलेल्या दाव्यांचे नकाशे आणि जबाब, असं पाड्यापाड्यांचं कागदपत्र त्या एका डिस्कवर असतं. लग्नाचे फोटो काढणाऱ्या स्टुडिओवाल्याकडे दहा-पंधरा वर्षांची लग्नं असतात. घोलवडच्या चिकूला २०१६ साली भौगोलिक मानांकन मिळालं. त्या चिकूच्या व्यापाऱ्याच्या डिस्कवर टॅलीतला हिशेब असतो. गंजाडच्या जिव्या सोमा मशे यांनी वारली चित्र भिंतीवरून कागदावर आणि कागदावरून जगात नेलं, त्यांना २०११ साली पद्मश्री मिळाली, २०१८ साली ते गेले. त्यांच्या मागून आलेली चित्रकार मंडळी आता आपल्या कामाचे फोटो संगणकात ठेवतात. चित्र विकलं की फोटो तेवढा उरतो. अशा घरात डिस्क दिसेनाशी झाली की कित्येक वर्षांच्या कामाची एकमेव नोंद टांगणीला लागते.

सुरुवातीच्या त्या काही सेकंदांत आत काय घडतं? बटण दाबलं की एसएमपीएस, म्हणजे आतला वीजपुरवठ्याचा डबा, डिस्कला दोन दाबांची वीज देतो. पाच व्होल्ट तिच्या सर्किटसाठी आणि बारा व्होल्ट मोटरसाठी. मोटर तबकड्यांना गती देते. घरगुती साडेतीन इंची डिस्कमध्ये ही गती बहुधा मिनिटाला ७२०० फेरे असते. तबकडीची बाहेरची कड त्या वेळी ताशी १३० किलोमीटरच्या आसपास वेगाने धावत असते, आणि वाचणारं डोकं, ज्याला सगळे ‘हेड’च म्हणतात, तिच्यावर अवघ्या काही नॅनोमीटर उंचीवर तरंगतं. माणसाचा केस ऐंशी हजार नॅनोमीटरच्या घरात जाड असतो. हेड जागेवर आलं की डिस्क आपल्याच तबकडीवरच्या राखीव भागातून स्वतःचे नियम वाचते. मदरबोर्डवरचा बायोस ‘तू कोण?’ असं विचारतो, डिस्क आपलं नाव, क्रमांक आणि क्षमता सांगते. मग बायोस ठरलेल्या क्रमाने पाहतो की विंडोज सुरू करण्याचा मजकूर कोणावर आहे.

या साखळीतली कोणतीही कडी सुटली तरी पडद्यावर जवळपास तीच ओळ येते. वीज पोचली नाही, केबल सैल आहे, बायोसची नोंद बदलली, विंडोजचा सुरुवातीचा भाग बिघडला किंवा खुद्द डिस्क मेली, पाहणाऱ्याला सगळं सारखंच दिसतं. म्हणून पहिली तपासणी बायोसमध्ये करायची. यंत्र चालू होताना डिलीट किंवा एफ-२ दाबून आत जायचं आणि डिस्कचं नाव यादीत आहे का ते पाहायचं. नाव असेल तर डिस्क जिवंत आहे, बोलते आहे. गोंधळ क्रमाचा किंवा विंडोजचा आहे. नाव नसेल तर पुढचा शोध वीज, केबल आणि डिस्क यांत घ्यायचा. ही एक तपासणी पाच मिनिटांत अर्धं रान मोकळं करते, आणि तीच न करता लोक विंडोज नव्याने टाकायला घेतात. विंडोज नव्याने टाकताना एका चुकीच्या क्लिकने जुनं विभाजन पुसलं जातं. जो डेटा शाबूत होता तो तिथे खऱ्या अर्थाने जातो.

डहाणू रोड स्टेशनजवळच्या एका दुकानात मी बसलो होतो तेव्हा तलासरीहून एक फोटो स्टुडिओवाले आले. पन्नाशीचे गृहस्थ, सीपीयूचा डबा चादरीत गुंडाळून मोटारसायकलवर आणलेला. दुरुस्ती करणारा मुलगा तिशीच्या आतला.

‘कधीपासून होतंय काका?’

‘परवा लाइट गेली ना भाऊ, ती आली तेव्हापासून.’

‘गेली तेव्हा मशीन चालू होतं?’

‘चालू होतं. अल्बम चालला होता.’

‘मग घरी किती वेळा ऑन-ऑफ केलं?’

काकांनी उत्तर टाळलं. मुलाने पुन्हा विचारलं नाही. त्याने डब्याचं झाकण काढलं आणि वीज न लावता आधी नुसतं पाहिलं. डिस्कला वीज थेट एसएमपीएसच्या वायरीतून येत नव्हती. जुन्या पद्धतीच्या चार पिनांच्या प्लगला एक स्वस्त जोड लावून त्याचा साटा, म्हणजे डिस्कला लागणाऱ्या नव्या पद्धतीचा, प्लग केलेला होता. त्या जोडाचं काळं प्लास्टिक एका बाजूने फुगलं होतं आणि पिवळ्या वायरीच्या मुळाशी तपकिरी डाग होता. पिवळी वायर म्हणजे बारा व्होल्ट. ओतीव प्लास्टिकच्या अशा जोडांत तारा इतक्या जवळ बसवलेल्या असतात की कालांतराने त्या आतल्या आत एकमेकींना भिडतात, आणि जगभरचे दुरुस्तीवाले त्यांना घाबरून असतात. मुलाने जोड कापून कचऱ्यात टाकला, डिस्क काढून दुसऱ्या चांगल्या एसएमपीएसला लावली, तिच्या अंगावर दोन बोटं टेकवली आणि बटण दाबलं. डिस्क फिरू लागल्याची थरथर बोटांना कळते. मग हेड जागेवर येतानाचा बारीक खरखर आवाज आला. पडद्यावर नाव आलं.

काकांना ती लगेच घरी न्यायची होती. मुलगा म्हणाला, ‘आधी दुसऱ्या डिस्कवर सगळं उतरवू, मग न्या. दोन तास लागतील, चहा घेऊन या.’ मला त्या दुकानातली सगळ्यात मोलाची गोष्ट हीच वाटली. दिसलेली डिस्क बरी झालेली असतेच असं नाही, हे त्या मुलाला पक्कं ठाऊक होतं.

आवाज ऐकणं ही या धंद्यातली जुनी विद्या आहे. घरघर सुरू होऊन स्थिर झाली, तर मोटर आणि हेड बहुधा ठीक आहेत. टक्... टक्... टक् असा ठरावीक अंतराने ठोका येत असेल, तर हेडला तबकडीवरची खूण सापडत नाही. अशा डिस्कची वीज त्याच क्षणी बंद करायची, कारण प्रत्येक ठोक्याला बिघडलेलं हेड तबकडी खरवडत असण्याची शक्यता असते. बारीक ‘बीप’सारखा गुणगुणाट येऊन थांबत असेल, तर मोटर अडकली आहे किंवा हेड तबकडीला चिकटलं आहे. आणि अगदीच शांतता असेल, तर डिस्कला वीज पोचत नाही किंवा तिचं हिरवं सर्किट जळलं आहे.

ही शांतता आपल्या भागात विजेच्या येण्या-जाण्यामुळे येते, असं दुरुस्तीवाले सांगतात. डहाणूला ५०० मेगावॉटचा औष्णिक वीज प्रकल्प गेली तीस वर्षं उभा आहे आणि त्याची वीज मुंबईच्या उपनगरांना जाते. गावपाड्यांना पुरवठा महावितरणच्या तारांवरून होतो, आणि पावसाळ्यात झाडं त्या तारांवर पडतात. मे २०२१ मध्ये तौक्ते वादळ किनाऱ्यासमोरून गेलं तेव्हा चिकूच्या बागा आणि विजेचे खांब दोन्ही आडवे झाले होते. वीज जाण्यापेक्षा ती परत येतानाचा पहिला झटका यंत्राला जास्त मारतो. डिस्क बनवणाऱ्यांनी यावर एक उपाय आत ठेवलेला असतो. विजेच्या वाटेवर टीव्हीएस डायोड नावाचा तांदळाच्या दाण्याएवढा काळा तुकडा बसवलेला असतो. दाब वाढला की तो स्वतः जळतो आणि डिस्कला वाचवतो. जळालेला डायोड वीज थेट जमिनीकडे वळवतो, त्यामुळे एसएमपीएस घाबरून बंद पडतो. डिस्क लावली की संगणक चालूच होत नाही आणि काढली की चालू होतो, असं दिसलं तर हाच संशय घ्यायचा. जाणकार तो डायोड काढून डिस्क एकदाच, चांगल्या एसएमपीएसवर चालवतो आणि आतलं उतरवून घेतो. हे घरी करायचं काम नाही.

काही जण ऑनलाइन त्याच मॉडेलचं सर्किट मागवून बदलतात आणि डिस्क तरीही बोलत नाही म्हणून हात टेकतात. प्रत्येक डिस्कच्या हेडचं मोजमाप कारखान्यात वेगळं घेतलेलं असतं आणि ते तिच्या सर्किटवरच्या आठ पायांच्या लहान चिपमध्ये लिहिलेलं असतं. सर्किट बदललं तर ती चिपही जुन्यावरून नव्यावर हलवावी लागते. चिप न हलवता सर्किट बदलणं हा पैशाचा नुसता अपव्यय आहे.

विजेच्या बाबतीत आणखी एक गोष्ट फार लोकांच्या ध्यानात येत नाही. मदरबोर्डवर रुपयाएवढा एक सेल असतो, सीआर-२०३२, तीन व्होल्टचा. तारीख-वेळ आणि जुन्या यंत्रांत बायोसच्या नोंदी तो जपतो. भिंतीवरचं बटण चालू असेल तर संगणक बंद असतानाही हे काम मुख्य विजेवर चालतं आणि सेल निवांत राहतो. आपल्याकडे रात्री भिंतीवरचं बटण बंद करायची रीत आहे, आणि विजांच्या दिवसांत ती योग्यच आहे. पण त्यामुळे सगळा भार सेलवर येतो आणि तो लवकर उतरतो. सेल उतरला की तारीख मागच्या कुठल्यातरी वर्षात जाते, बायोस कारखान्यातल्या मूळ नोंदींवर येतो, डिस्कशी बोलण्याची पद्धत एएचसीआयवरून आयडीईवर किंवा उलट होते, आणि काल चालणारं विंडोज आज निळा पडदा दाखवून थांबतं. घड्याळ चुकलेलं दिसलं तर डिस्कला दोष देण्याआधी हा सेल बदला. तो पन्नास रुपयांच्या आतबाहेर मिळतो.

आता समुद्र. डहाणू, चिंचणी, बोर्डी, झाई या पट्ट्यातल्या हवेत मीठ आणि दमटपणा दोन्ही आहेत. साटा केबलच्या टोकाला डेटाचे सात आणि विजेचे पंधरा संपर्क असतात, आणि त्यांवरचा सोन्याचा मुलामा अतिशय पातळ. घासून घासून तो गेला की खालचा धातू हवेला लागतो आणि काळपट पडतो. आतले साटा जोड साधारण पन्नास वेळा लावण्या-काढण्यासाठीच बनवलेले असतात, हे बहुतेकांना ठाऊक नसतं. वर्षानुवर्षं तीच केबल या यंत्रातून त्या यंत्रात फिरते. डिस्क कधी दिसते, कधी नाही, हलवलं की दिसते, अशी तक्रार असेल तर नव्वद टक्के विचार केबलचाच करावा असं माझं मत आहे. केबल बदलावी, मदरबोर्डवरचं दुसरं छिद्र वापरून पाहावं, संपर्क आयपीएने, म्हणजे आयसोप्रोपिल अल्कोहोलने, पुसून पूर्ण सुकू द्यावेत. रॅमच्या पट्टीवर खोडरबर फिरवायची आपल्याकडे पद्धत आहे. साटाच्या नाजूक जिभेवर ती वापरू नये. डबा उघडलाच आहे तर पाली आणि मुंग्याही पाहाव्यात. एसएमपीएसच्या उबेला पाल येते, आणि तिच्यामुळे झालेला शॉर्ट डिस्कपर्यंत पोचतो.

केबलच दोषी आहे का, याचा एक पुरावा डिस्क स्वतः लिहून ठेवते. ‘स्मार्ट’ नावाची तिची आरोग्यनोंद क्रिस्टलडिस्कइन्फोसारख्या फुकट प्रोग्रॅममध्ये वाचता येते. त्यातली १९९ क्रमांकाची, सीआरसी त्रुटींची नोंद वाढत असेल तर डेटा वाटेत बिघडतो आहे, म्हणजे केबल. ५ आणि १९७ या क्रमांकांसमोर शून्याऐवजी आकडे वाढू लागले तर तबकडीवरच्या जागा मरायला लागल्या आहेत. असं दिसल्यावर वाट पाहू नये, त्याच संध्याकाळी प्रत काढावी.

तलासरी आणि डहाणूच्या पूर्व भागात आणखी एक शंका हमखास विचारली जाते : भूकंपाने डिस्क जाते का? नोव्हेंबर २०१८ पासून धुंदलवाडी परिसरात धक्क्यांची मालिका सुरू झाली. १ फेब्रुवारी २०१९ चा ४.१ तीव्रतेचा धक्का त्यांतला मोठा होता. त्या दिवशी पळापळीत एका लहान मुलीचा जीव गेला. लोक थंडीत घराबाहेर, तंबूंत झोपले, हैदराबादच्या राष्ट्रीय भूभौतिकी संशोधन संस्थेने यंत्रं बसवली, आणि धक्के पुढे बराच काळ येतच राहिले. ज्यांच्या भिंतींना तडे गेले त्यांच्यासाठी संगणक ही शेवटची काळजी होती. तरी दुकानं आणि शाळा चालूच होत्या, त्यामुळे प्रश्न खरा आहे.

याचं उत्तर आकड्यांत देता येतं. घरगुती डिस्क चालू असताना क्षणभराचा तीस ते सत्तर जी इतका धक्का सोसते, बंद असताना अडीचशे-तीनशेच्या घरात, असं कंपन्यांची माहितीपत्रकं सांगतात. एक जी म्हणजे गुरुत्वाकर्षणाएवढा जोर. चार तीव्रतेच्या भूकंपात जमीन हलते ती एका जीच्या लहानशा अंशाने. तेव्हा नुसत्या हादऱ्याने टेबलावरची डिस्क मरणार नाही. कंपनाने तिच्या कामात अडथळा मात्र येतो. सन मायक्रोसिस्टिम्सचे अभियंते ब्रेंडन ग्रेग यांनी २००८ च्या अखेरीस एका चित्रफितीत डिस्कच्या रांगेजवळ जाऊन जोरात ओरडून दाखवलं होतं, आणि पडद्यावर डिस्कच्या उत्तराचा वेळ उंचावलेला सगळ्यांनी पाहिला. सप्टेंबर २०१६ मध्ये बुखारेस्टला आयएनजी बँकेत आग विझवण्याच्या यंत्रणेची चाचणी घेतली, तेव्हा वायू सुटण्याच्या प्रचंड आवाजाने डिस्क खराब होऊन बँकेची सेवा काही तास बंद पडली होती. आपल्याकडे खरा धोका टेबलावरून खाली पडणाऱ्या डब्याचा, पळताना ओढल्या गेलेल्या वायरीचा आणि मालिकेत वारंवार हलून सैल झालेल्या केबलचा आहे. डबा जमिनीलगत, भिंतीपासून सुटा, ओलीपासून चार बोटं उंच ठेवावा. बाहेरची यूएसबी डिस्क उभी ठेवू नये, आडवी ठेवावी. आणि धक्का बसला तर डिस्कचा विचार न करता बाहेर पळावं.

डिस्क न दिसूनही डेटा शाबूत असतो, याचा मोठा दाखला २००९ चा आहे. सीगेट कंपनीच्या बाराकुडा ७२००.११ मालिकेतल्या डिस्क त्या सुमारास जगभर अचानक दिसेनाशा होऊ लागल्या. रात्री नीट बंद केलेला संगणक सकाळी डिस्क ओळखेना. तबकड्या ठीक, हेड ठीक, मोटर ठीक. दोष डिस्कच्या आतल्या प्रोग्रॅममध्ये, म्हणजे फर्मवेअरमध्ये होता. तिच्या अंतर्गत नोंदवहीचा मोजणीदार एका ठरावीक आकड्यावर असताना वीज चालू झाली की डिस्क स्वतःच्याच कामात अडकून पडे आणि बायोसला उत्तर देत नसे. कंपनीने जानेवारी २००९ मध्ये दोष मान्य केला आणि सुधारित फर्मवेअर दिलं. त्याआधीच जाणत्या लोकांनी डिस्कच्या मागच्या लहान पिनांना सिरियल केबल जोडून, चार आज्ञा टाइप करून तिला जागं करायची पद्धत शोधली होती. ज्यांनी ‘मेली’ म्हणून टाकली नाही, त्यांना सगळं परत मिळालं. ती मालिका आता जुनी झाली, पण दुरुस्तीच्या दुकानांत अजून कधीकधी येते, म्हणून हे सांगितलं.

नव्या यंत्रांचे प्रश्न वेगळे आहेत आणि ते वाढत आहेत. ऑक्टोबर २०२५ मध्ये विंडोज १० चा आधार संपल्यापासून पुष्कळ जण यंत्र बदलत आहेत किंवा विंडोज ११ टाकत आहेत. इंटेलच्या अलीकडच्या पिढ्यांच्या लॅपटॉपवर विंडोज टाकताना डिस्कच्या यादीत काहीच दिसत नाही आणि माणूस घाबरतो. तिथे बहुधा व्हीएमडी नावाची सोय चालू असते आणि तिचा ड्रायव्हर आधी पेनड्राइव्हवरून द्यावा लागतो. डिस्क ठणठणीत असते. डेस्कटॉपला नवी एम-डॉट-टू एसएसडी बसवली आणि जुनी साटा डिस्क गायब झाली, तर मदरबोर्डची पुस्तिका पाहावी. अनेक बोर्डांवर एम-डॉट-टूच्या खाचेत काही बसवलं की एक-दोन साटा छिद्रं बंद होतात. केबल शेजारच्या छिद्रात लावली की काम होतं. आणि बायोसमध्ये काहीही बदलण्यापूर्वी बिटलॉकर, म्हणजे विंडोजचं डिस्कला लावायचं कुलूप, चालू आहे का ते पाहावं. असेल तर त्याची ४८ अंकी किल्ली कागदावर उतरवून ठेवावी. नाहीतर डिस्क दिसेल, उघडणार मात्र नाही, आणि त्या कुलपाला कोणत्याही दुकानात दुसरी किल्ली मिळत नाही.

डिस्क पहिल्यांदा चालू करताना दिसत नाही, पण लगेच कंट्रोल-आल्ट-डिलीटने पुन्हा सुरू केलं की दिसते, अशीही एक तक्रार असते. पहिल्या वेळी मोटरला गती घ्यायला वेळ लागला आणि बायोस विचारून पुढे निघून गेला. गती घेताना मोटर बाराच्या तारेवर दोन अँपिअरच्या आसपास ओढते; एसएमपीएस म्हातारा झाला असेल तर तेवढं देता देता दाब पडतो. लोक या ‘दोनदा चालू करायच्या’ सवयीवर महिनोन्‌महिने काढतात. तसं करू नये. एसएमपीएस बदलून पाहावा, आणि तरीही तसंच होत असेल तर डिस्कचे दिवस भरत आले आहेत असं समजावं.

आता जे करू नये ते. डिस्क फ्रीजरमध्ये ठेवायचा सल्ला अजून फिरतो. डहाणूच्या हवेत फ्रीजरमधून काढलेल्या डिस्कला दोन मिनिटांत पाणी सुटतं, आणि डिस्कला श्वास घ्यायला एक गाळणीचं भोक असल्याने दमटपणा आतही जातो. तांदळाच्या डब्यात ठेवणं निरुपयोगी आहे. झाकणाचे स्क्रू उघडून ‘आत बघणं’ म्हणजे शेवट. ज्या फटीत धुराचा कणही मावत नाही तिथे आपल्या खोलीतली धूळ बसते. टक्‌टक् करणाऱ्या डिस्कवर चेकडिस्क चालवू नये, तो प्रोग्रॅम विंडोजची फाइलव्यवस्था सावरण्यासाठी आहे आणि मरणाऱ्या डिस्कला तासन्‌तास राबवतो. दुसऱ्या संगणकाला लावल्यावर ‘फॉरमॅट करायचं का?’ किंवा ‘इनिशियलाइज करायचं का?’ असं विचारलं तर रद्द करावं. घाबरलेल्या माणसाचा हात ‘हो’वर जातो, हे मी पाहिलेलं आहे.

योग्य पद्धत अशी की दिसलेल्या पण संशयित डिस्कवर काहीही लिहायचं नाही. तिची जशीच्या तशी प्रतिमा दुसऱ्या, मोठ्या डिस्कवर घ्यायची आणि पुढचा सगळा शोध त्या प्रतीवर करायचा. लिनक्सवरचा डीडीरेस्क्यू हा फुकट प्रोग्रॅम यासाठीच आहे. तो आधी सहज वाचता येणारा भाग उचलतो, अडणाऱ्या जागा सोडून पुढे जातो, आणि शेवटी त्यांच्याकडे परत येतो. कुठपर्यंत आलो याची नोंद तो ठेवतो, म्हणून मध्येच वीज गेली तर तिथूनच पुढे जाता येतं. आपल्या भागासाठी ही सोय फार कामाची आहे. असं काम करणारा दुकानदार निवडावा. ‘प्रत कशी काढणार?’ असा एकच प्रश्न विचारावा. उत्तरात ‘आधी इमेज घेतो’ असं आलं तर डिस्क त्याच्या हाती द्यायला हरकत नाही.

हेड किंवा मोटर गेलेली असेल तर मात्र इथे इलाज नाही. त्यासाठी धूळविरहित खोली आणि त्याच मॉडेलच्या दुसऱ्या डिस्कचे भाग लागतात, आणि ते मुंबईसारख्या शहरात. खर्च हजारांत जातो, आणि परत मिळेलच याची खात्री कोणी प्रामाणिक माणूस देत नाही. डहाणू रोडहून चर्चगेट सव्वाशे किलोमीटर आहे. एप्रिल २०१३ पासून उपनगरी गाड्या इथपर्यंत येतात, म्हणून मुंबईतल्या लॅमिंग्टन रोडच्या संगणक-बाजारात जाऊन संध्याकाळी परतता येतं. तलासरीकरांना वापी जवळ पडते. डिस्क न्यायची तर अँटिस्टॅटिक पिशवीत, भोवती जाड स्पंज, आणि मांडीवर. मोटारसायकलच्या डिकीत नको. ज्याच्याकडे गावाचे वनहक्काचे कागद आहेत त्याने हा खर्च कुणी करायचा हे ठरण्याआधीच प्रत काढलेली असावी. माझ्या मते ग्रामपंचायतीने आणि गावातल्या संस्थांनी एक बाहेरची डिस्क यासाठी घेऊन द्यायला हवी. लोकांचे हक्क ज्या फायलींवर उभे आहेत त्या एका दुकानदाराच्या जुन्या एसएमपीएसच्या भरवशावर ठेवणं योग्य नाही.

पीटर क्रो या अमेरिकी छायाचित्रकाराने रूढ केलेला एक साधा नियम आहे : तीन प्रती, दोन वेगळ्या साधनांवर, त्यातली एक दुसऱ्या ठिकाणी. आपल्याकडे दुसरं ठिकाण म्हणजे विरारला राहणारा भाऊ किंवा पालघरची बहीण असू शकते. सरकारी दाखले डिजिलॉकरमध्ये ठेवता येतात. एसएसडी घेतली म्हणून या नियमातून सुटका नाही; तिच्यात फिरणारं काही नसल्याने ती आधी आवाज देत नाही, एके सकाळी सरळ गप्प होते.

दिवाळीच्या सफाईत संगणकाचा डबा हलतोच. टेबल सरकवलं जातं, ओलं फडकं फिरतं, मागच्या वायरी ओढल्या जातात, आणि लक्ष्मीपूजनाच्या सकाळी यंत्र डिस्क घेत नाही. व्यापाऱ्यांकडे तर त्याच संध्याकाळी वहीपूजनाला संगणकही मांडलेला असतो. तेव्हा यंदा डबा जागेवरून हलवण्याआधी एक बाहेरची डिस्क आणा, महत्त्वाचं सगळं तिच्यावर उतरवा, त्यातल्या चार फायली उघडून पाहा, आणि ती डिस्क कपाटात वेगळी ठेवा. त्यानंतर सफाईला लागा.